प्रबोधनकाळातले ब्राँझ शिल्प: संवर्धनात कोणते काम आधी, कोणते नंतर

ब्राँझ शिल्पाचे मोठे नुकसान बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी होते. शिल्प टेबलावर येते, त्यावरचा काळपट थर डोळ्यांत खुपतो आणि कोणीतरी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून एक कोपरा 'उजळून बघतो'. तो काळपट थर कदाचित मूळ कारखान्यातच लावलेला तेल-राळेचा लेप होता. गेला तो गेला. परत आणता येत नाही.

संवर्धन शिकणारे विद्यार्थी, संग्रहालयात काम करणारे लोक आणि घरी जुने ब्राँझ बाळगणारे संग्राहक, या सगळ्यांचा क्रम एकाच ठिकाणी चुकतो: ओळख पटण्याआधी सफाई. म्हणून इथे ओळखीच्या टप्प्यांवर जास्त लिहिले आहे. उदाहरणे फ्लॉरेन्सची घेतली आहेत, कारण या शाखेतले निर्णय तिथल्या मोठ्या शिल्पांवर, अनेक वर्षे घेऊन, पारखले गेले आहेत.

संग्राहकांनी पहिला, दुसरा आणि शेवटचा टप्पा स्वतः करावा. मधले टप्पे प्रशिक्षित संवर्धकाचे, किंवा त्याच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याचे.

## टप्पा १: टेबल, हात आणि पाणी

टेबलावर जाड फोम आणि त्यावर स्वच्छ, धागे न सुटणारे कापड अंथरा. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातले ओळखपत्र काढून ठेवा. हातमोजे नायट्रिलचे वापरा. सुती मोजे खडबडीत कडांत आणि सुटलेल्या मुलाम्यात अडकतात, शिवाय घाम त्यातून आरपार जातो. घामात मीठ असते आणि बोटांचे ठसे ब्राँझवर कायमचे कोरले जाऊ शकतात.

शिल्प उचलताना हात, तलवार, पंख किंवा डोके धरू नका. ही अंगे अनेकदा वेगळी ओतून जोडलेली असतात. फ्लॉरेन्सचा शिल्पकार दोनातेल्लो याची 'जुडिथ आणि होलोफर्नीस' ११ भागांत ओतलेली आहे. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या शिल्पात सांधे कुठे आहेत, हे पहिल्या दिवशी तुम्हाला माहीत नसते. एक हात तळाशी, दुसरा धडाला, आणि वजन जास्त असेल तर दुसरा माणूस सोबत.

कामासाठी फक्त डिआयनाइज्ड पाणी आणा. शहरातल्या नळाचे पाणी क्लोरिन घालून शुद्ध केलेले असते, आणि क्लोराइड हा तांब्याच्या मिश्रधातूचा सगळ्यात चिवट शत्रू आहे.

सावधान: आपल्याकडे पितळेची समई लिंबू-मीठ किंवा चिंच लावून घासतात. समईला ते चालून जाते, कारण ती वरचेवर घासली जाते, धुतली जाते आणि तिच्या पृष्ठभागावर जपण्यासारखे फारसे काही नसते. जुन्या ब्राँझवर आम्ल पॅटिना (काळाने किंवा कारागिराने आणलेला रंगीत पृष्ठथर) विरघळवते आणि मीठ बारीक छिद्रांत क्लोराइड भरते. घासण्याच्या पावडरीही तितक्याच वाईट. शिल्पावर असे काही झाल्याचे कळले, तर ते नोंदीत ठळक लिहा. पाचव्या टप्प्यात त्याची गरज पडेल.

## टप्पा २: नोंद

सगळ्या बाजूंचे फोटो रंगपट्टी आणि मोजपट्टीसह घ्या. मग तेच फोटो एका बाजूने तिरपा उजेड टाकून घ्या. तिरप्या उजेडात ओतकामातली ठिगळे, छिन्नीच्या खुणा, मुलाम्याचे फुगवटे आणि जुन्या डागडुजीच्या कडा वर येतात. तिसरी फेरी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली. जुनी नैसर्गिक राळ हिरवट-पिवळी चमकते, लाख नारिंगीकडे झुकते. उघडा धातू काळाच राहतो. नंतर केलेली रंगाची भर इथे सहज उठून दिसते.

शिल्पाची रेखाकृती छापून घ्या आणि तिच्यावर प्रत्येक डाग, भेग, पूड, भोक रंगवून दाखवा. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून लोक टाळतात. पण हाताने नकाशा भरताना डोळा जे पाहतो, ते कॅमेऱ्याच्या फोटोत सुटते. माझ्या मते संवर्धकाची खरी परीक्षा या नकाशावर होते, सफाईत नाही.

तपासा: शिल्प न बघता, फक्त नकाशा आणि फोटो पाहून दुसरा माणूस 'डाव्या गुडघ्यामागे हिरवी पूड आहे' असे सांगू शकतो का? नसेल तर नोंद अपुरी आहे.

## टप्पा ३: आतले ओळखा (इथे क्रम चुकला तर पुरावा जातो)

प्रबोधनकाळातली बहुतेक मोठी ब्राँझ शिल्पे पोकळ आहेत. मेणसाचा पद्धतीत मातीच्या किंवा प्लास्टर मिसळलेल्या गाभ्यावर मेणाचा थर चढवत, बाहेर साचा बांधत, मेण वितळवून काढत आणि त्या फटीत धातू ओतत. गाभा जागचा हलू नये म्हणून लोखंडी खिळे आरपार घालत. ओतकामानंतर गाभा आणि लोखंड पुष्कळदा आतच राहिले. तो गाभा ओल धरतो, लोखंड गंजून फुगते, आणि बाहेरच्या ब्राँझला आतून भेग जाते.

पहिले साधन अगदी साधे: एक छोटे, कापडात गुंडाळलेले चुंबक. पृष्ठभागाजवळून हळू फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे लोखंड आहे. मग एखादे मूळचे भोक असेल तर त्यातून एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आत पाहा. नवे भोक पाडू नका.

आता महत्त्वाचा क्रम. गाभ्याच्या मातीवरून ओतकामाचा काळ ठरवायचा असेल तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणीसाठीचा नमुना क्ष-किरण काढण्याआधी घ्या. ही चाचणी मातीतल्या खनिजांनी शतकानुशतके साठवलेला किरणोत्सर्ग मोजते. रेडिओग्राफी त्यात स्वतःची भर घालते आणि काळाचा हिशेब बिघडतो. 'आधी एक्स-रे काढून बघू' ही सवय रुग्णालयात योग्य, इथे घातक. नमुना काढून, उजेडापासून झाकून, नाव-जागा लिहून ठेवला की मगच रेडिओग्राफीकडे जा. जाड भिंतीच्या मोठ्या शिल्पाला साधे क्ष-किरण पुरत नाहीत, गॅमा रेडिओग्राफी लागते.

धातूची ओळख एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राने होते, पण ते फक्त वरचा अतिशय पातळ थर वाचते. गंजलेल्या पृष्ठभागावर कथलाचे प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून शक्य तितक्या स्वच्छ धातूवर आणि अनेक जागी वाचन घ्या. एकाच शिल्पात मिश्रण बदलू शकते: 'पर्सियस' ओतताना धातू गोठू लागला तेव्हा शिल्पकार बेन्वेनुतो चेलिनीने घरातली कथलाची ताटे-वाट्या भट्टीत टाकल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. शिशाचे प्रमाण जास्त निघाले तर पुढे लेप आणि साठवणीच्या पेटीचे साहित्य निवडताना ते ध्यानात ठेवा. शिसे सेंद्रिय आम्लांच्या वाफेने फार लवकर खराब होते.

## टप्पा ४: थर ओळखा

इथे घाई करू नका. एकाच शिल्पावर मूळ पॅटिना, जुना लेप, नंतर दिलेला काळा रंग, मेण, काजळी आणि गंज हे सगळे एकावर एक असू शकते आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते.

प्रबोधनकाळातल्या लहान ब्राँझवर तांबूस-तपकिरी, अर्धपारदर्शक लेप दिसला तर हात आखडा. तेल आणि राळेचा असा लेप कारागिरांनी मुद्दाम दिलेला असायचा आणि आतला धातू त्यातून झळकायचा. तो झिजून उंचवट्यांवरून गेलेला आणि खाचांत उरलेला असतो. ती असमानता घाण समजून पुसली जाते.

उघड्यावर राहिलेल्या शिल्पावर पावसाचे पाणी जिथून वाहते तिथे फिकट हिरवे ओघळ पडतात. तिथे तांब्याचे सल्फेट, मुख्यत्वे ब्रोकँटाइट असते. पाणी न पोचणाऱ्या आडोशाला काळी, कडक, काजळी आणि जिप्सम मिसळलेली पापुद्री साचते. तांबूस-लालसर क्यूप्राइट (तांब्याचे ऑक्साइड) बहुधा धातूला चिकटून, सगळ्यात खाली असते आणि तेच शिल्पाचा मूळ पृष्ठभाग सांभाळत असते. त्यापर्यंत पोचलात तर थांबा.

सोन्याचा मुलामा असेल तर तो कसला आहे ते आधी ठरवा. पारा-सोन्याचे मिश्रण लावून तापवून दिलेला मुलामा धातूला पक्का बसतो आणि त्यात पाऱ्याचा अंश सापडतो. तेलाच्या चिकट थरावर लावलेला सोन्याचा वर्ख वेगळा: द्रावकाच्या एका बोळ्याने तो निघून जाऊ शकतो. दोनातेल्लोच्या ब्राँझ 'डेव्हिड'च्या केसांवर सोन्याचे अवशेष आहेत. एवढेसे अवशेष काळ्या थराखाली दडलेले असले की ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, म्हणून सूक्ष्मदर्शक लागतोच.

पारा-मुलाम्याच्या शिल्पाला एक खास आजार असतो. सोन्याच्या थराला बारीक छिद्रे असतात. त्यांतून ओल खाली जाते, तांबे गंजते, गंजाचे क्षार सोन्याखाली जमतात आणि हवेतल्या दमटपणाबरोबर फुगत-आकसत सोने वर उचलतात. फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्ट्रीसाठी (बाप्तिस्म्याच्या इमारतीसाठी) लोरेंझो गिबेर्तीने केलेल्या मुलामा दिलेल्या ब्राँझ दारांचे, म्हणजे 'स्वर्गद्वारा'चे (१४२५ ते १४५२) मुख्य दुखणे हेच होते. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये आर्नो नदीच्या पुराने त्याचे काही फलक उखडून पाडले ते सगळ्यांना दिसले. सोन्याखालचे क्षार मात्र बाहेरून दिसत नव्हते, आणि पुढची बरीच वर्षे त्यांच्याशीच झगडण्यात गेली.

तपासा: प्रत्येक थराचे नाव आणि जाडीचा अंदाज लिहिला आहे का? 'काळा थर' हे नाव नव्हे.

## टप्पा ५: क्लोराइड आहे का

फिकट, पोपटी हिरवी, बोटाने झडणारी पूड आणि तिच्याखाली खड्डा: हा 'ब्राँझ रोग' असण्याची दाट शक्यता. आत क्यूप्रस क्लोराइड असते. ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हिरवे क्लोराइड आणि आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि चक्र चालू राहते. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर मात्र बहुधा स्थिर असतो. दोन्हींची गल्लत ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि तिच्यापायी स्थिर पॅटिना खरवडली जाते.

खात्रीसाठी कणभर पूड काचेवर घ्या, विरळ नायट्रिक आम्लात विरघळवा आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइड आहे. हे फक्त काढलेल्या पुडीवर करायचे, शिल्पावर नाही.

क्लोराइड सापडले की उपचाराची वाट न पाहता शिल्प हवाबंद पेटीत सिलिका जेलसह ठेवा आणि सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली आणा. रोग थांबतो, तुम्हाला विचाराला वेळ मिळतो. पावसाळ्यात मुंबई, कोकण किंवा गोव्यात उघड्या खोलीतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. तिथे हे काम उद्यावर ढकलता येत नाही.

## टप्पा ६: कुठे थांबायचे ते कागदावर लिहा

सफाई सुरू करण्याआधी एक वाक्य लिहा: कोणता थर काढायचा, कोणता ठेवायचा, का. सोबत ज्यांना शिल्पाचा इतिहास माहीत आहे अशा कला-इतिहासकाराची सही घ्या. काळा रंग नंतरच्या शतकातला असला तरी कधीकधी तोही शिल्पाच्या आयुष्याचा भाग मानून ठेवतात. हा निर्णय हातात बोळा असताना घेतला की तो नेहमी 'अजून थोडे' असाच होतो.

शिल्प पुढे कुठे राहणार, तेही आत्ताच ठरवा. 'स्वर्गद्वार' १९९० मध्ये बाप्टिस्ट्रीवरून काढले, तिथे प्रतिकृती बसली आणि मूळ २०१२ पासून संग्रहालयात बंद काचपेटीत, नियंत्रित कोरड्या वातावरणात आहे. 'जुडिथ' पलाझ्झो वेक्कियो या राजवाड्यात गेली, बाहेरच्या चौकात तिची प्रत आहे. चेलिनीचा 'पर्सियस' मात्र १९९६ ते २००० च्या कामानंतर त्याच चौकातल्या लॉजिया देई लांझी या कमानी मंडपात, छपराखाली पण उघड्या हवेत, परत उभा राहिला. तिन्हींचे उत्तर वेगळे, कारण मुलामा, जागा आणि धोका वेगळा. बाहेर राहणाऱ्या शिल्पाचा लेप आणि पेटीत राहणाऱ्याचा लेप एक नसतो.

## टप्पा ७: सफाई

चाचणीच्या जागा निवडा, प्रत्येकी नखाएवढ्या आणि न दिसणाऱ्या ठिकाणी. मग या क्रमाने पुढे सरका आणि जिथे काम भागेल तिथेच थांबा:

१. कोरडे. मऊ ब्रश आणि जाळी लावलेला, कमी ओढीचा व्हॅक्यूम. काजळी आणि धूळ आधी गेली पाहिजे, नाहीतर पुढचे द्रावक ती खाचांत घट्ट बसवते.

२. व्हाइट स्पिरिट (पेट्रोलियमपासूनचे द्रावक). जुने मेण आणि स्निग्ध घाण यानेच निघते आणि राळेच्या लेपाला सहसा धक्का लागत नाही.

३. डिआयनाइज्ड पाणी, गरज पडल्यास नॉन-आयॉनिक साबणाच्या एक-दोन थेंबांसह. ओला बोळा नव्हे, पिळलेला बोळा. लगेच कोरडा बोळा, मग वाळवणे. गाभा असलेल्या शिल्पात पाणी आत गेले तर ते महिनोन्महिने निघत नाही.

४. इथेनॉल, मग ॲसिटोन. हे फक्त तेव्हाच, जेव्हा चौथ्या टप्प्यात वरचा रंग नंतरचा आणि खालचा लेप या द्रावकांना टिकणारा आहे असे सिद्ध झाले आहे. जेलमध्ये घालून लावले तर पसरत नाहीत आणि वेळेवर ताबा राहतो.

५. सूक्ष्मदर्शकाखाली यांत्रिक काम. कडक पापुद्रीसाठी बांबूची काडी, मग स्कॅल्पेल. पाते पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा. खाली टोचू नका, कडेने उचला.

सावधान: स्टील वूल, तारेचा ब्रश, वाळूचा किंवा काचमण्यांचा मारा, धातू-पॉलिश, अमोनिया, व्हिनेगर यांपैकी काहीही नाही. माऱ्याने शिल्प एकसारखे, सुंदर दिसते खरे, पण कारागिराच्या छिन्नीच्या खुणा त्या माऱ्यातच संपतात.

### पारा-मुलाम्यासाठी वेगळी वाट

सोने गंजत नाही, त्याच्यावरचा आणि खालचा तांब्याचा गंज काढायचा असतो. 'स्वर्गद्वारा'वर काम करणाऱ्या ओपिफिचो देल्ले पिएत्रे दूरे या संस्थेने सुट्या होणाऱ्या फलकांसाठी रोशेल मीठ, म्हणजे सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट, याच्या द्रावणाचे स्नान वापरले. ते तांब्याचे गंज-क्षार विरघळवते, सोन्याला हात लावत नाही. पण द्रावण छिद्रांतून सोन्याखाली जाते, त्यामुळे नंतर डिआयनाइज्ड पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे आणि पूर्ण वाळवणे अटळ ठरते. चौकटीतून न निघणारे भाग असे बुडवता-धुता येत नाहीत. त्यांच्यासाठी फ्लॉरेन्समध्येच लेझर सफाई विकसित झाली.

लेझरचे तत्त्व सोपे आहे: १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश काळा थर शोषतो आणि उडतो, चकाकते सोने तो बराचसा परतवते. मात्र पल्सचा काळ फार लांब असला तर सोने तापते, फार छोटा असला तर झटक्याने सुटे सोने उडू शकते. म्हणून यंत्राचा आकडा दुसऱ्या कोणाच्या अहवालातून उचलू नका, चाचणीच्या जागेवर स्वतः ठरवा. फुगलेल्या, सुटलेल्या मुलाम्याला आधी आधार, मग लेझर. डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा चष्मा, खोलीत धूर ओढणारा पंखा.

मुलामा जिथे गेला आहे तिथे नव्याने पारा-मुलामा देण्याचा विचार करू नका. पाऱ्याची वाफ विषारी आहे, आणि नवे सोने जुन्याचे वाचन बिघडवते.

## टप्पा ८: क्लोराइडचा उपचार

हा टप्पा सफाईनंतरच येतो. मेण आणि घाणीच्या थरातून औषध खाली पोचत नाही.

खड्ड्यातली पूड आणि खालचा मेणचट, फिकट राखाडी क्लोराइड सूक्ष्मदर्शकाखाली टोचणीने काढा. मग अल्कोहोलमध्ये कालवलेली सिल्व्हर ऑक्साइडची पेस्ट खड्ड्यात भरा. उरलेल्या क्लोराइडशी तिचे सिल्व्हर क्लोराइड बनते आणि खड्डा आतून बंद होतो. सुट्या-सुट्या डागांसाठी मला हाच उपाय जास्त पटतो, कारण तो डागापुरता राहतो.

डाग पसरलेले असतील तर बेन्झोट्रायॲझोल (तांब्याचा गंज रोखणारे रसायन), इथेनॉलमध्ये ३ टक्के. पुस्तकात वस्तू बुडवायला सांगितलेले असते; गाभा असलेले किंवा राळेचा लेप असलेले शिल्प बुडवू नका. गाभा द्रावण पिऊन बसतो आणि इथेनॉल लेप उचलते. बारीक ब्रशने, जागच्या जागी, पुन्हा पुन्हा लावा. नंतर पांढरे स्फटिक दिसले तर ते इथेनॉलच्या पिळलेल्या बोळ्याने टिपा. हे रसायन आरोग्याला घातक आहे: मोजे, मुखवटा, हवा ओढणारे कपाट, आणि सांडपाण्यात ओतायचे नाही.

सोडियम सेस्क्विकार्बोनेटमध्ये महिनोन्महिने भिजवण्याची जुनी पद्धत उत्खननातल्या नाण्यांसाठी वापरली जाई. अशा शिल्पाला ती देऊ नका, पॅटिनाचा रंग बदलतो.

तपासा: उपचार झाल्यावर शिल्प काही दिवस भिंगाखाली रोज पाहा. नवी पूड आली तर टप्पा पुन्हा. लेप घाईने चढवला तर रोग त्याच्याखाली चालू राहतो.

## टप्पा ९: सांधे आणि भरणी

तुटलेला हात वेल्डिंगने जोडू नका. उष्णतेने पॅटिना जळते, शिसे वितळून बाहेर येते आणि गाभ्याचा काळ-पुरावा पुसला जातो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना आधी पॅरालॉइड बी-७२ (पुन्हा विरघळवता येणारे ॲक्रिलिक राळ) चा थर द्या, मग स्टेनलेस स्टीलची खुंटी आणि इपॉक्सी. उद्या कोणाला सांधा सोडवायचा असला तर तो त्या थरावर सुटतो. गंजलेले लोखंडी खिळे सहज निघत असतील तर काढा, नाहीतर तिथल्या तिथे स्थिर करा. ओढून काढताना ब्राँझ फुटते. भरणीचा रंग जवळून ओळखू यावा, दुरून खुपू नये.

## टप्पा १०: लेप

घरात किंवा संग्रहालयात राहणाऱ्या शिल्पाला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ थर बहुधा पुरतो. मऊ ब्रशने लावा, सुकू द्या, मऊ कापडाने हलके घासा. जाड मेण धूळ धरते आणि खाचांत पांढरे दिसते. बाहेर राहणाऱ्यासाठी इन्क्रालॅकसारखे ॲक्रिलिक लॅकर आणि त्यावर मेण; त्यात टोल्युइन असते, हवा खेळती ठेवा. ज्योतीने धातू तापवून मेण मुरवण्याची पद्धत आधुनिक स्मारकांसाठी आहे; राळेचा जुना लेप असलेल्या शिल्पावर कधीच नाही.

सोन्याचा मुलामा असेल तर लेपापेक्षा कोरडी, बंद पेटी जास्त कामाची.

## टप्पा ११: जागा आणि निगा

क्लोराइड नसलेल्या ब्राँझला ४० टक्क्यांखालची स्थिर आर्द्रता चांगली. क्लोराइड असेल तर ३५ च्या खाली. आकडा वर-खाली होणे हे स्थिर पण थोड्या जास्त आकड्यापेक्षा वाईट. पेटीत ओक, प्लायवूड, एमडीएफ, लोकर, पीव्हीसी वापरू नका. त्यांतून आम्लाची किंवा गंधकाची वाफ येते. काच, पावडर-कोटेड धातू आणि ॲक्रिलिक ठीक. सिलिका जेलचा रंग किंवा पेटीतला मापक दर आठवड्याला बघा, पावसाळ्यात त्याहून जास्त वेळा, आणि जेल वेळेवर वाळवून घ्या.

वर्षातून एकदा दुसऱ्या टप्प्यातल्याच कोनांतून, त्याच उजेडात फोटो घ्या आणि जुन्यांशेजारी ठेवून पाहा. धूळ ब्रशने, कधीही ओल्या फडक्याने नाही. नवी हिरवी पूड दिसली तर पुसू नका: फोटो काढा, नकाशावर जागा लिहा, पेटी बंद करून जेल बदला, आणि पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा.